आई अंथरुणाला खिळली आहे : रात्रीची जाग, पेन्शनची सही आणि व्हेंटिलेटरचा निर्णय

भांडुपची_लेक

नमस्कार. प्रश्न लांब आहे, पण अर्धवट सांगून सल्ला मागण्यात अर्थ नाही, म्हणून सगळे एकदाच लिहिते.

माझी आई ७८ वर्षांची असून महापालिकेच्या शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झाली आहे. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर तिला पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी होती, त्यामुळे शरीराची उजवी बाजू लुळी पडली, वाचा गेली, आणि गिळताना ठसका लागतो म्हणून नाकातून घातलेल्या नळीने, म्हणजे राइल्स ट्यूबने, तिला पातळ अन्न द्यावे लागते. वडील हयात नाहीत. आईचे घर गिरगावात, चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, लाकडी जिन्याचे. इस्पितळातून सोडल्यावर तिला तिथे चढवणे शक्यच नव्हते, म्हणून ती माझ्याकडे भांडुपला आली. आमचे घर वन बीएचके आहे. हॉलमध्ये आईचा लोखंडी पलंग, हवेची गादी आणि घशातला कफ ओढून काढणारे सक्शन मशीन; आतल्या खोलीत ८१ वर्षांच्या सासूबाई आणि दहावीतला मुलगा. सासूबाईंनी आजवर एका शब्दानेही नापसंती दाखवलेली नाही, मात्र परवा त्या कोणाला तरी फोनवर म्हणाल्या, "माझे आजारपण काढायची पाळी आली तर हिच्या अंगात तेव्हा काय उरणार आहे?" मला त्याचा राग आला नाही, कारण तो प्रश्न मलाही पडतोच.

सकाळी आठ ते रात्री आठ ब्युरोच्या मावशी असतात. त्यांचे महिन्याला २७ हजार जातात. माझी नोकरी फोर्टमध्ये आहे. रात्रपाळीच्या दुसऱ्या मावशी परवडत नाहीत, त्यामुळे रात्री आठ ते सकाळी आठ ही पाळी माझी. दर दोन तासांनी कूस बदलायची, घशातला कफ काढायचा, डायपर बघायचा, आणि पहाटे नळाला पाणी आले की आईच्या चादरी धुवायच्या. (अर्ध्याहून अधिक मुंबईचे पाणी भांडुप संकुलात शुद्ध होते, पण टेकडीवरच्या आमच्या गल्लीत ते लोक झोपेत असतानाच येते.) पती मदत करतात, परंतु आईचे अंग पुसणे, कपडे बदलणे यांसाठी त्यांना बोलावताना मलाच संकोच वाटतो, आणि आईला त्याहून अधिक वाटत असावा, कारण ते जवळ आले की ती डाव्या हाताने चादर गळ्यापर्यंत ओढून घेते.

माझा मोठा भाऊ बंगळूरला असतो. खर्चातला निम्मा वाटा तो दर महिन्याला न चुकता पाठवतो. दर रविवारी फोनवर नवा सल्लाही देतो: फिजिओथेरपिस्ट बदला, अमक्या वैद्यांना दाखवा, नळी काढून चमच्याने भरवून बघा. निम्मे पैसे दिले म्हणजे निम्मे आजारपण उचलले, हा त्याचा हिशेब मला मान्य नाही, पण तो मोडून कसा काढायचा हेही सुचत नाही.

मुख्य प्रश्न पुढे आहे. मागच्या महिन्यात आईला न्यूमोनिया झाला. इस्पितळात मध्यरात्री एका तरुण डॉक्टरांनी कागद पुढे करून विचारले की, गरज पडली तर व्हेंटिलेटर लावायचा का. भाऊ फोनवर म्हणाला, "सगळे करा, पैशाचा विचार करू नका." मी गप्प राहिले. त्या वेळी व्हेंटिलेटरशिवाय निभावले, परंतु असा न्यूमोनिया पुन्हा होऊ शकतो असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. त्या कागदाकडे बघताना, आता हे संपावे, असे माझ्या मनात येऊन गेले. त्यात सुटका कोणाची होती, तिची की माझी, हे मला ठरवता आलेले नाही.

तर रात्रीचे काय करावे, सही न करता येणाऱ्या आईच्या पेन्शनचे व्यवहार कसे चालवावेत, व्हेंटिलेटरचा निर्णय नेमका कोणी आणि केव्हा घ्यायचा, आणि तिला काही काळासाठी शुश्रूषा केंद्रात ठेवण्याचा विचार करणे गैर आहे का, याबद्दल ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया लिहावे.

परळची_निवृत्त_सिस्टर

ताई, माझी नोकरी महापालिकेच्या इस्पितळात मेडिसिन वॉर्डात गेली, त्यामुळे रात्रीच्या प्रश्नापुरतेच मी बोलते. बाकीचे जाणकार सांगतीलच.

दर दोन तासांनी कूस बदलण्याचा नियम साध्या गादीवरच्या रुग्णासाठी घालून दिलेला आहे. तुमच्याकडे हवा आळीपाळीने भरणारी गादी असेल, पंप व्यवस्थित चालत असेल आणि आईंची त्वचा शाबूत असेल, तर रात्रीपुरते हे अंतर चार तासांपर्यंत नेता येते का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. पुष्कळदा ते परवानगी देतात. त्वचा शाबूत आहे की नाही हे ओळखण्याची रीत अशी : माकडहाड, टाचा, घोटे आणि खुबा या जागी लाली दिसली तर बोटाने दाबून सोडावे. दाबल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर ठीक. दाबूनही लालीच राहिली तर ती जखमेची सुरुवात समजावी आणि त्या बाजूवर निजवणे थांबवावे. अशी जागा चोळू नये. चोळल्याने आतली इजा वाढते. स्पिरिट लावणे आणि मधोमध भोक असलेली रबरी चकती वापरणे या जुन्या सवयी आजही घरोघर दिसतात, पण त्या सोडाव्यात. टाचांसाठी पोटऱ्यांखाली उशी ठेवून टाच अधांतरी राहील असे बघितले की पुरते.

दुसरी गोष्ट शेवटच्या आहाराची. नळीतून अन्न देताना आणि त्यानंतर साधारण तासभर पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांनी वर हवी, नाहीतर अन्न उलटून छातीत जाण्याची भीती असते. तुम्ही शेवटचे फीड साडेनऊला दिलेत, त्यामागून पाणी घालून नळी धुतलीत आणि अकराला कूस बदललीत, तर डॉक्टरांच्या परवानगीने पुढची पाळी तीनला येते. मध्ये सलग चार तासांची झोप मिळते. वाचताना हे थोडे वाटेल, पण तुटक सहा तासांपेक्षा सलग चार तास शरीराला अधिक मानवतात. सक्शन घड्याळ लावून करू नका. घशात खरखर ऐकू आली किंवा श्वासाला अडथळा दिसला तरच करा. विनाकारण नळी घातल्याने घसा सोलवटतो आणि कफ उलट वाढतो.

नळी असली म्हणजे न्यूमोनिया होणार नाही असे समजू नका, कारण स्वतःची लाळसुद्धा श्वासनलिकेत उतरते. म्हणून तोंडाची स्वच्छता दिवसातून दोनदा झालीच पाहिजे. तोंडाने काही खात नाही मग दात कशाला घासायचे, असे मावशींना वाटते आणि नेमके तेच काम राहून जाते. नळी निघून आली तर मावशींनी ती आत सारू नये. सिस्टर किंवा डॉक्टरांनीच घालावी, आणि ती जागेवर असल्याची खात्री होईपर्यंत नळीतून पाणीही देऊ नये. गोळ्या कुटून घालताना प्रत्येक गोळीबद्दल डॉक्टरांना विचारून घ्या, कारण काही गोळ्या कुटायच्या नसतात.

आता न विचारलेले सांगते. वाचा गेली म्हणजे समज गेली असे नाही. आई चादर ओढून घेते असे तुम्हीच लिहिले आहे, त्या अर्थी तिला पुष्कळ कळत असणार. म्हणून भावाचे पैसे, मावशींचा पगार, व्हेंटिलेटर हे विषय तिच्या पलंगाशेजारी काढू नका. पाहुणे आल्यावर ती एकाएकी रडू लागते आणि तितक्याच एकाएकी थांबते असे होत असेल, तर ते दर वेळी दुःखच असते असे नाही. पक्षाघातानंतर रडण्याहसण्यावरचा मेंदूचा ताबा सुटतो आणि त्यावर औषध मिळते. न्यूरॉलॉजिस्टना सांगा. आणखी एक करून बघा. ज्यांना "पाणी" म्हणता येत नाही अशांनाही पाठ असलेले काही, म्हणजे श्लोक, आरती, आकडे, ओघात म्हणता येते असे मी अनेकदा पाहिले आहे. तुमच्या आई शिक्षिका होत्या. त्यांच्यासमोर कोणी पाढे म्हणून बघावेत.

राहता राहिल्या रात्रपाळीच्या मावशी. महिन्याच्या सगळ्या रात्री परवडत नसतील तर आठवड्यातल्या दोन रात्री ठरवा. सगळे नाही तर काहीच नको, असा विचार घरातल्या बायकाच जास्त करतात.

कुटुंबवैद्य_ठाणे

वरच्या सिस्टरांनी लिहिलेल्यात भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही. मी व्हेंटिलेटरबद्दल लिहितो.

मध्यरात्री, अनोळखी निवासी डॉक्टरांसमोर, फोन कानाला लावून हा निर्णय घ्यावा लागणे हीच मुळात चुकीची व्यवस्था आहे, आणि ती बदलणे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे. व्हेंटिलेटर फुप्फुसांना वेळ मिळवून देतो. न्यूमोनिया बरा होईपर्यंत श्वासाचे काम तो करतो. पक्षाघाताने गेलेली वाचा, गेलेले गिळणे, लुळी बाजू यांत त्याने काहीही बदल होत नाही. म्हणून "लावायचा की नाही" असे विचारण्याआधी, आपल्या नेहमीच्या न्यूरॉलॉजिस्टची वेळ घेऊन, दिवसाउजेडी, भावालाही फोनवर घेऊन, असे विचारा : आई या आजारातून सावरून जास्तीत जास्त कोणत्या स्थितीला येईल, ती स्थिती तिने स्वतः मान्य केली असती का, आणि व्हेंटिलेटर लावलाच तर किती दिवसांनी थांबून फेरविचार करायचा? मुदत ठरवून उपचार करणे हाही एक मार्ग असतो. "सगळे करा" आणि "काही करू नका" यांच्यामध्ये बराच प्रदेश आहे. प्रतिजैविके, प्राणवायू, दम लागू नये म्हणून औषधे हे सगळे व्हेंटिलेटरशिवाय देता येते.

कायद्याबद्दल थोडेसे. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य करून, उपचार थांबवण्याची किंवा न देण्याची पद्धत घालून दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये ती सोपी केली. त्याआधी २०११ मध्ये अरुणा शानबाग यांच्या खटल्यात या प्रश्नाला प्रथम वाट मिळाली होती. त्या आपल्याच परळच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका, त्यामुळे मुंबईकरांना हा विषय नवा नाही. आजच्या पद्धतीप्रमाणे सज्ञान आणि शुद्ध मनाची व्यक्ती आपले वैद्यकीय इच्छापत्र, म्हणजे पुढे स्वतः सांगता आले नाही तर कोणते उपचार नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घेऊ शकते. आईंनी असे काही करून ठेवलेले नसणार. अशा रुग्णाच्या बाबतीत इस्पितळातील डॉक्टरांचे एक मंडळ मत देते, दुसरे मंडळ त्याची खातरजमा करते, आणि कुटुंबीयांची संमती घेतली जाते. म्हणजे एकदा लावलेले यंत्र काढण्याची वाट आहे, पण ती कागदपत्रांची आहे आणि प्रत्येक इस्पितळ तिच्यावरून चालायला सारखेच तयार असते असे नाही. विचार आधी करायचा तो यासाठी. कुटुंबीयांच्या संमतीत मुलाचा शब्द वरचा आणि लेकीचा खालचा असे काही नाही. तुम्हा दोघांचे जे ठरेल ते एका कागदावर लिहून, दोघांच्या सह्यांनिशी, न्यूरॉलॉजिस्टच्या नोंदीसह आईच्या फायलीत सर्वांत वर ठेवा. त्या कागदाला इच्छापत्राचे बळ नाही, परंतु मध्यरात्रीच्या डॉक्टरांना तो वाचायला मिळाला तर संभाषण निराळ्या जागेपासून सुरू होते.

"संपावे" या विचाराबद्दल एवढेच सांगतो की, दीर्घ आजाराच्या घरांत तो विचार बोलून दाखवणारी माणसे मला नेहमी भेटतात, आणि रुग्णाची सर्वांत चोख काळजी घेणारेही त्यांच्यातच असतात. झोप लागेनाशी झाली, कशातच लक्ष लागेना, किंवा स्वतःच्या जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊ लागले, तर मात्र थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा क्रमांक सरकारी आणि विनाशुल्क आहे, आणि तिथे मराठीत बोलता येते.

उपशामक उपचार, ज्याला सगळे पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, ते केवळ कर्करोगासाठी असतात असा समज आहे. वांद्र्याचे शांती आवेदना सदन, जे १९८६ साली सुरू झाले, ते कर्करोगाच्या अखेरच्या अवस्थेतील रुग्णांसाठीच आहे, हे खरे. परंतु पक्षाघाताच्या रुग्णालाही या शाखेच्या डॉक्टरांचा सल्ला घेता येतो आणि घ्यावा.

एक अप्रिय पण उपयोगाची सूचना. पुढेमागे मृत्यू घरी झाला, तर मृत्यूच्या कारणाचा दाखला डॉक्टरांनी द्यावा लागतो आणि त्यावाचून स्मशानात अडचण येते. ज्या डॉक्टरने रुग्णाला अलीकडे तपासलेलेच नाही तो असा दाखला देत नाही, आणि त्याने देऊही नये. मग पोलीस, शवविच्छेदन हे सगळे मागे लागते. म्हणून जवळचा एखादा फॅमिली डॉक्टर अधूनमधून घरी येऊन आईला बघून जाईल, अशी व्यवस्था आजच करून ठेवा.

बंगळूरचा_मुंबईकर

मी तुमचा भाऊ नाही, पण एका तशाच ताईचा भाऊ आहे, म्हणून दुसरी बाजू लिहितो. ती रुचणार नाही कदाचित.

लांब राहणाऱ्या माणसाला फोनवर मिळतो तो सारांश. "कशी आहे?" "ठीक आहे." एवढ्यावर संभाषण संपले की उरलेली जागा माणूस सल्ल्याने भरतो, कारण दुसरे काही देण्यासारखे त्याच्या हातात नसते. मी सुटी काढून घरी गेलो तेव्हा माझ्या हाती काय आले? "तुला जमणार नाही, राहू दे." नळीतून फीड कसे द्यायचे हे मला मावशींनी ताईच्या नकळत शिकवले. सांगायचा मुद्दा असा की, तुम्ही त्याच्याकडून मत मागू नका, त्याने न मागता दिलेल्या मतावर वाद घालू नका; त्याच्याकडे तारखा मागा. "या तारखेपासून या तारखेपर्यंत तू इथे येऊन रात्री सांभाळायच्या आहेत, लॅपटॉपवर काम इथून कर" असे सांगा, आणि तो आला की तुम्ही त्या घरात झोपू नका. गिरगावचे घर रिकामे आहे ना? तिथे जाऊन झोपा. तुम्ही शेजारच्या खोलीत असलात तर रात्री पहिल्या ठसक्याला तुम्हीच उठणार आणि तो पुन्हा प्रेक्षक होणार.

आणि "सगळे करा" हे वाक्य पैशाचा माज म्हणून घेऊ नका. लांबून तेवढेच म्हणता येते.

भांडुपची_लेक

सर्वांचे मनापासून आभार. काही खुलासे करते.

बंगळूरचे दादा, तुमचे म्हणणे अर्धे पटले. "ठीक आहे" मी म्हणते, कारण फोन स्पीकरवर असतो आणि आई दोन हातांवर असते. तिच्यादेखत "माकडहाडावर लाली आली आहे आणि मला झोप नाही" असे कसे सांगू? आता ठरवले आहे की त्याला लोकलमधून उतरल्यावर, घरी पोहोचण्याआधी फोन करायचा. मला घर सोडून झोपायला जा म्हणणे सोपे आहे, परंतु त्याला एकदा तरी पूर्ण रात्र एकट्याने काढू द्यावी हे खरे आहे. तारखा मागितल्या आहेत.

सिस्टर, डॉक्टरांनी आईची पाठ आणि टाचा तपासून रात्री चार तासांच्या अंतराला होकार दिला. आणि पाढ्यांचे सांगते. मुलाने बाराचा पाढा म्हणायला घेतला आणि मुद्दाम मध्येच थांबला. "बारा पंचे" त्याने म्हटले आणि आईने "साठ" म्हटले, अगदी वर्गात म्हणायची तसे, शेवटी आवाज खाली आणून. सासूबाई आतून उठून बघायला आल्या. पाणी मात्र ती अजूनही हातानेच मागते.

पेन्शनबद्दल कोणी लिहील का? आतापर्यंत आईचे एटीएम कार्ड मीच वापरत आले आहे आणि मधूनच भीती वाटते.

निवृत्त_बँक_अधिकारी_दादर

भीती रास्त आहे, जरी निम्मी मुंबई हेच करत असली तरी. कार्ड आणि पिन दुसऱ्याला देणे बँकेच्या नियमांत बसत नाही. आज कोणी विचारत नाही; पण पुढे वारसांमध्ये बेबनाव झाला, तर प्रत्येक उचल कोणी आणि कशासाठी केली याचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल. आईच्या पैशातून केलेल्या खर्चाची वही ठेवा, आणि भावाला दर महिन्याला त्या वहीचा फोटो पाठवा. त्याने मागितला नाही तरी पाठवा.

आता योग्य मार्ग. आजारी, वृद्ध आणि सही करण्यास असमर्थ खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्या स्पष्ट सूचना आहेत. खातेदार अंगठ्याचा ठसा देऊ शकत असेल तर तो, तेही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसा, बँकेच्या ओळखीच्या दोन स्वतंत्र साक्षीदारांसमोर घेतला जातो, आणि त्या दोघांपैकी एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. ज्याला बँकेत येताच येत नाही अशा खातेदाराने पैसे कोणाच्या हाती द्यायचे हे दाखवून दिले, तर त्या व्यक्तीची ओळख पटवून तिला ती रक्कम देता येते. शिवाय ७० वर्षांवरील ग्राहकांना मूलभूत बँकसेवा घरी देण्याबद्दल नोव्हेंबर २०१७ पासून सूचना आहेत. शाखेत गेल्यावर खिडकीवरचा मुलगा "असे काही नसते" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नका. शाखाधिकाऱ्यांच्या नावे लेखी अर्ज द्या, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या. लेखी अर्जाला लेखी नकार देताना माणूस दहादा विचार करतो.

कोणीतरी तुम्हाला मुखत्यारपत्र करून घ्या असे सांगेल, म्हणून आधीच लिहितो. देणाऱ्याचे मन शाबूत असेल तरच ते करता येते, आणि पुढे ते शाबूत राहिले नाही तर १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे ते संपुष्टात येते. आईंना समजते पण बोलता येत नाही, ही स्थिती निराळी आहे. तिथे डॉक्टरांच्या दाखल्याने आणि चांगल्या वकिलाच्या मदतीने विचार होऊ शकेल. रुग्ण पूर्ण बेशुद्धावस्थेत असेल तर मात्र पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयातच जावे लागते.

नोव्हेंबरच्या हयातीच्या दाखल्यासाठी आईला कुठेही न्यावे लागू नये. जीवन प्रमाण ही व्यवस्था २०१४ पासून आहे, आता मोबाइलवर चेहरा दाखवूनही दाखला निघतो आणि पोस्टमनही घरी येऊन काढून देतो. महापालिकेच्या पेन्शन विभागाला त्यातले काय चालते हे मात्र ऑक्टोबरातच विचारून ठेवा. कराबाबत : जुन्या करप्रणालीत, विमा नसलेल्या ज्येष्ठ पालकांच्या औषधोपचाराच्या खर्चावर ५० हजारांपर्यंत वजावट मिळते, पण रोखीने केलेला खर्च त्यात धरत नाहीत. ठरावीक आजारांच्या उपचारखर्चावरची जी वजावट ८०डीडीबी म्हणून ओळखली जाते, तिच्या आजारांच्या यादीत वाचाघात, म्हणजे मेंदूच्या इजेने वाचा जाणे, आहे, हे पुष्कळ हिशेबनिसांनाही ठाऊक नसते. अपंगत्व ४० टक्के किंवा अधिक असल्याचे न्यूरॉलॉजिस्टचे प्रमाणपत्र लागते, आणि आई तुमच्यावर अवलंबून असल्याचे दाखवावे लागते, जे पेन्शनमुळे अवघड जाऊ शकते. मावशींच्या पगारासाठी मात्र सरकारी आरोग्य योजनांतून काही मिळेल अशी आशा धरू नका. त्या इस्पितळात दाखल रुग्णासाठी आहेत.

बोरिवलीकर

शुश्रूषा केंद्राच्या प्रश्नाला कोणीच हात घातला नाही, म्हणून लिहितो. माझी पत्नी स्मृतिभ्रंशाची रुग्ण होती आणि शेवटचा काळ ती केंद्रात होती. लोक काय म्हणाले ते इथे लिहीत बसत नाही. म्हणणाऱ्यांपैकी एकही जण रात्री येऊन बसला नव्हता.

तुमच्या बाबतीत मी कायमचे ठेवा असे म्हणणार नाही. मुलाची दहावीची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये असेल. तेवढ्या काळापुरते, तीन-चार आठवडे, आईला केंद्रात ठेवणे हा सरळ व्यवहारी मार्ग आहे, आणि मुलाला हॉल मोकळा मिळेल. सासूबाईंनाही मिळेल, त्यांच्याकडे येणारी माणसे सध्या कुठे बसत असतील, याचा विचार तुमच्या लिहिण्यात कुठे दिसला नाही.

केंद्र बघायला जाताना वेळ ठरवून जाऊ नका. रात्रीच्या जेवणाच्या वेळेला अचानक जा. रात्री किती रुग्णांमागे किती माणसे आहेत, त्यांत प्रशिक्षित सिस्टर आहे की नुसत्या आया, नळीवरचे आणखी रुग्ण आहेत का, नळी निघाली तर कोण घालते, तब्येत बिघडली तर कोणत्या इस्पितळात नेतात आणि निघण्यापूर्वी तुम्हाला फोन येतो की नंतर, हे विचारा. हातांना बांधून ठेवतात का, तेही स्पष्ट विचारा. नळी ओढू नये म्हणून बांधतात आणि नातेवाइकांना सांगत नाहीत, असे मी पाहिले आहे. त्यासाठी जाड हातमोजे मिळतात. पनवेल, कर्जत, बदलापूरकडची केंद्रे मोकळी आणि स्वस्त असतात, पण भांडुपहून तिथे आठवड्यातून किती वेळा जाणे होईल याचा खरा हिशेब करा. जवळचे, थोडे अडचणीचे केंद्र बरे. ज्याच्या घरचे वारंवार येतात त्याच्याकडे कर्मचारी जास्त बघतात. हे योग्य नाही, पण असेच आहे.

भांडुपची_लेक

बोरिवलीकर काका, सासूबाईंबद्दल तुम्ही लिहिलेले त्यांनाच वाचून दाखवले. त्या म्हणाल्या की त्यांच्या भजनी मंडळाच्या बायका गेले कित्येक महिने शेजारच्या घरी बसतात आणि त्याबद्दल त्यांनी कधी तक्रार केली नाही, याची कोणीतरी दखल घेतली हे बरे झाले. मुलुंडची दोन केंद्रे रात्री आठला बघायचे ठरवले आहे; त्या स्वतः बरोबर येणार म्हणतात.

भावाने डिसेंबरातले बारा दिवस कळवले आहेत. न्यूरॉलॉजिस्टची वेळही त्याच दिवसांत घेतली आहे, म्हणजे फोनवरून बोलणे नको. व्हेंटिलेटरबद्दल आमचे मत अजून एक नाही. "दहा दिवसांची मुदत ठरवून लावू" इथपर्यंत तो आला आहे, मी "लावूच नये" कडे झुकले आहे, आणि आईचे मत हाताच्या खुणेने का होईना विचारून पाहावे असे डॉक्टर म्हणतात. ते कोणी आणि कसे विचारायचे, यावर आमचे घोडे अडले आहे.

बँकेत लेखी अर्ज दिला, पोच घेतली. गुरुवारी अधिकारी घरी येणार आहेत. एकच शंका उरली. आईचा उजवा हात लुळा आहे आणि मूठ उघडत नाही. डाव्या अंगठ्याचा ठसा चालेल का?

निवृत्त_बँक_अधिकारी_दादर

चालेल. कोणत्या अंगठ्याचा ठसा आहे ते ठशाशेजारी लिहायला सांगा, आणि उजवा हात का वापरता येत नाही याची एक ओळ डॉक्टरांच्या प्रमाणपत्रात असू द्या. शाईचे पॅड घरचे काढून ठेवा, बँकेचे बहुधा वाळलेले असते.